लेकीसाठी ट्रॅव्हल सॉफ्टबॉलची टीम निवडताना: न्यू जर्सीतल्या एका मराठी घराचं प्रकरण

मिडलसेक्स काउंटीतलं एक मराठी कुटुंब. आई औषध कंपनीत, बाबा आयटीत, मुलगी अकरा वर्षांची, मुलगा सात वर्षांचा, आणि वर्षातले काही महिने पुण्याहून येऊन राहणारी आजी. मुलगी दुसरीत असल्यापासून गावच्या रिक्रिएशन लीगमध्ये सॉफ्टबॉल खेळते. दहा वर्षांखालच्या गटात तिने पिचिंग (फलंदाजाला चेंडू टाकणं) सुरू केलं, गावच्या ऑल-स्टार टीममध्ये तिची निवड झाली, आणि जूनअखेरीस तीन वेगवेगळ्या ट्रॅव्हल टीमकडून आईच्या फोनवर निरोप आले: ऑगस्टमध्ये ट्रायआउट (निवड चाचणी) आहे, लेकीला घेऊन या.

मी जळगावला शाळा-कॉलेजात सॉफ्टबॉल खेळलेली. इथे आल्यापासून गावच्या लीगमध्ये मुलींना शिकवायला जाते, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे आला. "ताई, तुम्हीच सांगा, कुठल्या टीमला हो म्हणायचं?" असं आईने विचारलं तेव्हा मी लगेच उत्तर दिलं नाही. जुलै महिना हाताशी होता, आणि तिन्ही टीमचे सामने अजून चालू होते. आम्ही ते बघायला गेलो. पुढे जे घडलं ते आईबाबांच्या संमतीने लिहिते आहे. कुटुंबाची, क्लबची आणि कोचची नावं मुद्दाम गाळली आहेत.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी आधी थोडी पार्श्वभूमी. गावच्या लीगमध्ये नाव नोंदवलं की प्रत्येक मुलीला जागा मिळते, सामने बहुतेक गावातच होतात, कोच म्हणजे कुणाचे तरी आई नाहीतर बाबा, आणि वसंतातला हंगाम एप्रिल ते जून एवढाच. ट्रॅव्हल टीम मात्र निवड करून बनते आणि बांधिलकी वर्षभराची असते. ऑगस्टमध्ये ट्रायआउट, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फॉलचे सामने, हिवाळाभर बंदिस्त हॉलमध्ये सराव, आणि एप्रिलपासून जुलैअखेरपर्यंत शनिवार-रविवार टूर्नामेंट. शनिवारी पूलचे (गटातले) सामने, रविवारी बाद फेरी. वयोगट दोन-दोन वर्षांचे: दहा, बारा, चौदा, सोळा, अठरा वर्षांखालचे. टूर्नामेंट भरवणाऱ्या संघटनाही अनेक आहेत. यूएसए सॉफ्टबॉल ही त्यांतली जुनी, १९३३ साली अमॅच्युअर सॉफ्टबॉल असोसिएशन म्हणून सुरू झालेली. शिवाय यूएसएसएसए, पीजीएफ वगैरे. आपल्याकडे शाळा, जिल्हा, विभाग, राज्य अशी उतरंड असते आणि कोण कुठल्या पायरीवर आहे ते लगेच कळतं. इथे तसं नाही. कुठलीही टीम स्वतःला 'एलीट' किंवा 'गोल्ड' म्हणवून घेऊ शकते, आणि जर्सीवरचं नाव वाचून टीमचा दर्जा कळत नाही. नवख्या आईबाबांना हे कुणी सांगत नाही.

आता या मुलीपुढे नेमका बदल काय होता, ते बघू. दहा वर्षांखालच्या गटात चेंडू ११ इंच घेराचा असतो आणि पिचर ३५ फुटांवरून टाकते. बारा वर्षांखालच्या गटात चेंडू १२ इंचांचा होतो आणि अंतर ४० फूट. ऐकायला किरकोळ वाटतं. पण ११ इंची चेंडू ज्या बोटांत नीट बसत होता, त्याच बोटांतून १२ इंची चेंडू निसटतो आणि पाच फूट मागे गेलं की कालचे स्ट्राइक (नेमके पडणारे चेंडू) आज जमिनीवर आपटून कॅचरकडे जातात. पहिले काही महिने जवळजवळ प्रत्येक मुलीची पिचिंग बिघडते. म्हणजे हे वर्ष मुलीने भरपूर चुका करण्याचं वर्ष असणार होतं. माझ्या मते सगळा निर्णय या एका गोष्टीवरून व्हायला हवा होता: जिथे तिला चुका करत खेळू देतील, ती टीम.

बाबांचा विचार वेगळा होता, आणि तो समजून घेण्यासारखा होता. अमेरिकेत १९७२ च्या टायटल नाइन कायद्यानंतर कॉलेजांमध्ये मुलींच्या खेळांना पैसा आणि जागा मिळाली, आणि सॉफ्टबॉल त्यातूनच एवढा वाढला. दर उन्हाळ्याच्या तोंडाशी ओक्लाहोमा सिटीत होणारी महिलांची कॉलेज वर्ल्ड सिरीज टीव्हीवर लागते आणि मुलगी ती डोळ्यांची पापणी न हलवता बघते. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये सॉफ्टबॉल परत येतोय, आणि त्याचे सामनेही ओक्लाहोमा सिटीतच होणार आहेत. बाबा म्हणाले, "मोठ्या क्लबमध्ये आत्ता शिरली तर पुढे कॉलेजचे कोच बघतील. उशीर झाला तर जागा भरलेल्या असतील."

त्यांच्यासमोर मी तीन गोष्टी ठेवल्या. एक, एनसीएए या कॉलेज खेळांच्या संघटनेच्या नियमानुसार सॉफ्टबॉलचे डिव्हिजन वनचे, म्हणजे सगळ्यात वरच्या श्रेणीतल्या कॉलेजांचे, कोच मुलीशी भरतीबद्दल बोलू शकतात ते अकरावीच्या वर्षी १ सप्टेंबरनंतर. हा नियम २०१८ साली आला, तोही यासाठी की त्याआधी आठवी-नववीतल्या मुलींना तोंडी शब्द दिले जात होते. दोन, शिष्यवृत्ती म्हणजे पूर्ण फी माफ असं चित्र डोळ्यांपुढे असतं, पण सॉफ्टबॉलमध्ये वर्षानुवर्षं एका कॉलेजला बारा शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती आणि त्या वीसेक मुलींमध्ये तुकडे करून वाटल्या जात. अलीकडे नियम बदलले, पण म्हणून प्रत्येकीला पूर्ण शिष्यवृत्ती मिळते असं नाही. तीन, आपल्या घरांमध्ये ज्या प्रिन्स्टनचं नाव सारखं निघतं, तिथे आणि आयव्ही लीगमधल्या बाकीच्या नामांकित विद्यापीठांत खेळासाठी शिष्यवृत्ती दिलीच जात नाही. डिव्हिजन थ्रीच्या कॉलेजांतही नाही. अकराव्या वर्षी कॉलेजचा हिशोब मांडून टीम निवडणं म्हणजे पहिलीतल्या मुलासाठी जेईईचा क्लास शोधणं. बाबा गप्प बसले. पटलं असेल असं तेव्हा वाटलं नाही, पण पुढचं बोलणं सोपं झालं.

तीन टीमपैकी पहिली एका मोठ्या नावाच्या क्लबची. एकाच नावाखाली अनेक टीम, स्वतःचा बंदिस्त हॉल, घरापासून गाडीने पाऊण तास. वर्षाची फी ३,२०० डॉलर. टीमच्या यादीत चौदा मुली, त्यांतल्या चार पिचर. जुलैमध्ये राज्याबाहेर आठवडाभराची राष्ट्रीय टूर्नामेंट. दुसरी आपल्याच गावची, पालकांनी चालवलेली, फी ९०० डॉलर, मैदान घरापासून पाच मिनिटांवर, आणि मुलीची जिवलग मैत्रीण त्याच टीममध्ये. तिथला हेड कोच एका खेळाडूचा बाबा, आणि ती खेळाडू पिचर. तिसरी एका लहान क्लबची, दोनच वर्षं जुनी. कोच कॉलेजात कॅचर म्हणून खेळलेली तरुण बाई, पगारी, तिची स्वतःची मुलगी टीममध्ये नाही. अकरा मुली, दोन पिचर, फी १,९०० डॉलर, आणि बहुतेक टूर्नामेंट तासाभराच्या अंतरात.

कागदावर बघितलं तर प्रत्येकात काहीतरी चांगलं आणि काहीतरी खटकणारं. ट्रायआउटला जाऊनही फारसं कळलं नसतं, कारण ट्रायआउटच्या दिवशी प्रत्येक कोच गोड बोलतो. शिवाय बारा वर्षांखालच्या टीममधल्या निम्म्या मुली ऑगस्टमध्ये चौदाच्या गटात जातात. म्हणजे यंदाच्या टीमच्या ट्रॉफ्या आपल्या मुलीला खेळायला मिळणाऱ्या टीमच्या नसतात. बदलत नाही तो कोच. म्हणून मी आईला म्हटलं, सामने बघू, आणि शक्यतो टीम हरत असताना बघू.

मोठ्या क्लबचा सामना आम्ही शनिवारी सकाळी बघितला. मैदान उत्तम, मुली खरोखर तयारीच्या. तिसऱ्या इनिंगमध्ये सेकंड बेसवरच्या मुलीच्या पायांमधून साधा ग्राउंडर निघून गेला. कोचने तिथल्या तिथे टाइमआउट घेतला, तिला बाहेर बोलावलं आणि दुसरी मुलगी पाठवली. मुलगी खाली मान घालून डगआउटमध्ये गेली. तिच्याशी कुणी बोललं नाही. कोचने तिच्याकडे पाहिलंही नाही. दोन मिनिटांत तिचा बाबा कुंपणाशी येऊन जाळीतून तिला काहीतरी सांगू लागला, आणि ती नुसतं "ओके, ओके" म्हणत होती. टीम सामना जिंकली. आमच्यासोबत आलेल्या मुलीने परतताना गाडीत विचारलं, "ती परत खेळली का गं, मावशी?" नव्हती खेळली.

इथे एक सांगायला हवं. त्या क्लबला वाईट म्हणण्याचा माझा हेतू नाही. सोळा वर्षांची, मन घट्ट झालेली मुलगी अशा टीममध्ये चांगली तयार होऊ शकते, आणि मोठ्या क्लबच्या दुसऱ्या वयोगटात दुसऱ्या स्वभावाचा कोच असू शकतो. पण ज्या मुलीचा चेंडू पुढचं अर्धं वर्ष भलतीकडे जाणार आहे, तिला चुकीनंतर लगेच बाहेर बसवणाऱ्या कोचकडे द्यावं का, हा प्रश्न होता.

गावच्या टीमचा सामना संध्याकाळचा. वातावरण घरच्यासारखं, पालक एकमेकांना ओळखणारे, कुणीतरी सगळ्यांसाठी कलिंगड कापून आणलेलं. कोचची मुलगी पिचिंग करत होती आणि तिचा दिवस वाईट होता. वॉकमागून वॉक, म्हणजे चेंडू सारखे बाहेर आणि फलंदाज फुकटात पहिल्या बेसवर. बेस भरले, रन होत गेले, तिचे डोळे भरून आले, आणि तरी तिचा बाबा तिला बदलेना. तो ओरडत नव्हता, उलट फार मायेने तिला धीर देत होता. पण मैदानाच्या उजव्या टोकाला, राइट फील्डमध्ये, दुसरी पिचर तीन इनिंग तशीच उभी होती. ती हातमोज्यात नुसती मूठ आपटत होती. शेजारी बसलेल्या एका आईने स्वतःहूनच सांगितलं, "ती आठवड्याला दोनदा पिचिंगच्या क्लासला जाते." यापुढे काही विचारायची गरज राहिली नाही. इकडे याला 'डॅडी बॉल' म्हणतात. यात कुणाच्या मनात वाईट असतं असं नाही. बाप म्हणून तो जे करत होता ते मला समजत होतं. पण आपली मुलगीही पिचरच, आणि ती त्या राइट फील्डमध्येच उभी राहणार हे दिसत होतं.

तिसऱ्या टीमचा सामना रविवारचा, आणि टीम सपाटून हरली, ११-२. मला हवा होता तसा दिवस. कॅचरकडून चेंडू सुटत होते आणि त्यावर दोन रन गेले. इनिंग संपल्यावर कोच तिच्याजवळ गुडघ्यावर बसली, तिच्या हेल्मेटच्या जाळीतून तिच्या डोळ्यांत बघत म्हणाली, "तुला काय दिसलं?" मुलगी म्हणाली, "चेंडू बाहेर पडतोय असं वाटलं, म्हणून मी उठले." कोच म्हणाली, "मग पुढच्या वेळी आधी गुडघे खाली, मग बघ." एवढंच. पुढच्या इनिंगलाही तीच मुलगी कॅचर. एक चेंडू अडवला, तेव्हा डगआउटमधून दोन-तीन मुलींनी तिचं नाव घेऊन आरोळी दिली. सामना संपल्यावर बाहेरच्या गवतात बैठक झाली. ती पाच मिनिटांत संपली. त्यानंतर मुली बॅगा भरताना खिदळत होत्या. अकरा-दोनने हरलेल्या मुली खिदळत होत्या, हे मी आईला मुद्दाम दाखवलं. हरल्याचं त्यांना वाईट वाटलं नाही असं नाही, पण घरी जाताना गाडीत काय ऐकावं लागेल याची भीती त्या चेहऱ्यांवर नव्हती.

तरीही निर्णय सोपा नव्हता. या टीमच्या दोन दुखऱ्या बाजू होत्या. एक, क्लब नवा. पगारी कोच वर्षभरात निघून गेली तर टीम फुटू शकते, आणि अशा टीम फुटताना मी पाहिल्या आहेत. दुसरी बाब मला जास्त काळजीची वाटत होती: पिचर फक्त दोन. वीकेंडला चार-पाच सामने होतात. दोघींतली एक आजारी पडली, तर दुसरीने सगळे टाकायचे का?

बेसबॉलमध्ये लहान मुलांनी दिवसाला किती चेंडू टाकायचे याची मर्यादा असते. लिटल लीगमध्ये ११-१२ वर्षांच्या मुलाला दिवसाला ८५. टूर्नामेंट सॉफ्टबॉलमध्ये तशी सर्वमान्य मर्यादा नाही. "खालून टाकतात, हात नैसर्गिक फिरतो, काही होत नाही," असं मैदानावर सर्रास ऐकू येतं. ते खरं नाही. विंडमिल पिचिंगमध्ये, म्हणजे हात पूर्ण गोल फिरवून खालून टाकताना, खांद्यावर आणि दंडाच्या पुढच्या स्नायूवर मोठा ताण येतो, आणि थकलेल्या मुलीचा हात सांभाळायला नियम पुढे येत नाही, पालकांनाच यावं लागतं. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडिअॅट्रिक्सच्या बालरोगतज्ज्ञांनी २०१६ साली दिलेला सल्ला साधा आहे: पंधरा-सोळा वर्षांपर्यंत एकाच खेळाला जुंपू नका, आठवड्यात एक-दोन दिवस सुट्टी द्या, आणि वर्षात एकूण तीन महिने त्या खेळापासून लांब ठेवा, एकेक महिन्याचे तुकडे करून चालतील. आईने हा मुद्दा वहीत लिहून घेतला आणि कोचला थेट विचारायचं ठरवलं.

पैशांबद्दल बोलताना आपण लोक थोडे अवघडतो, पण इथे ते आधी बोललेलं बरं. फीमध्ये काय येतं ते प्रत्येक क्लबचं वेगळं. तिसऱ्या टीमच्या १,९०० मध्ये टूर्नामेंटची प्रवेश फी, हिवाळ्यातला हॉल आणि दोन जर्सी होत्या. मोठ्या क्लबच्या ३,२०० मध्ये जर्सी नव्हत्या. कुठल्याच फीमध्ये हॉटेल, पेट्रोल, मैदानावरचं तिकीट (हो, स्वतःच्या मुलीचा सामना बघायलाही बऱ्याच ठिकाणी पैसे पडतात) आणि पिचिंगचे खासगी धडे नसतात. काही टूर्नामेंटमध्ये त्यांनी ठरवलेल्या हॉटेलातच राहण्याची अट असते, आणि तिथे स्वस्त पर्याय शोधायची सोय नसते. बॅट चांगली घ्यायची तर तीनशे-चारशे डॉलर सहज जातात, आणि ती ज्या संघटनेच्या टूर्नामेंटमध्ये खेळायचं तिथे चालते का, हे तिच्यावरचा शिक्का बघून ठरतं. बाबांनी स्प्रेडशीट केली. मोठ्या क्लबचा वर्षाचा सगळा खर्च धरला तर तो फीच्या दुपटीहून वर जात होता, आणि त्यात धाकट्याच्या पोहण्याच्या क्लासला जागा उरत नव्हती.

आजीचा मुद्दा मात्र स्प्रेडशीटमध्ये बसणारा नव्हता. दर दोन वर्षांनी हे कुटुंब उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्याला जातं. इथे शाळा सुटते जूनच्या शेवटी, आणि जुलै हा सॉफ्टबॉलचा सगळ्यात मोठा महिना. मोठ्या क्लबने स्पष्ट सांगितलं होतं, जुलैमध्ये एकही वीकेंड चुकवता येणार नाही. ऑगस्टमध्ये लगेच पुढच्या वर्षाचं ट्रायआउट. मग पुणं कधी? डिसेंबरमध्ये शाळेला जेमतेम दहा दिवस. रविवारची मराठी शाळा हाही प्रश्न होताच, कारण फॉलचे सामने रविवारी ठेवतात. आणि सप्टेंबरमध्ये गणपती. बाहेरच्याला ही कारणं किरकोळ वाटतील. परदेशात राहणाऱ्या आपल्या घरांमध्ये ती किरकोळ नसतात. मुलीचं मराठी आणि आजीसोबतचे उन्हाळे एकदा सुटले की पुन्हा हाती लागत नाहीत, आणि सॉफ्टबॉलसाठी ते सोडायचे असतील तर निदान समजून-उमजून सोडावेत.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मुलीने तिन्ही ट्रायआउट दिली. मोठ्या क्लबने त्याच रात्री फोन केला: जागा आहे, चोवीस तासांत पाचशे डॉलर भरा, परत मिळणार नाहीत. अशी घाई इथे नेहमीची आहे. बाबा कार्ड काढून बसले होते. आईने फक्त एक प्रश्न विचारायला लावला: "चार पिचरपैकी ही कितवी?" तिकडून उत्तर आलं, "ते तिने सरावात कमवायचं असतं." उत्तर प्रामाणिक होतं. पण त्याचा अर्थ 'चौथी' असाच होता.

तिसऱ्या टीमच्या कोचशी बोलणं अर्धा तास चाललं, आणि आईने वहीतले सगळे प्रश्न विचारले. दोघी पिचरना कसं वापरणार? कोच म्हणाली, एका दिवसात दोनपेक्षा जास्त सामन्यांत कुणीच टाकणार नाही, आणि शॉर्टस्टॉपलाही (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधे उभ्या राहणाऱ्या मुलीला) पिचिंग शिकवते आहे. पूल सामन्यांत सगळ्या मुलींना बॅटिंग मिळणार, बाद फेरीत क्रम कोच ठरवणार. मराठी शाळेचं ऐकून म्हणाली, हिवाळ्यातला सराव शनिवारी आहे, फॉलमधले काही रविवार चुकले तर आधी कळवा. पुण्याचं ऐकल्यावर तिने विचारलं, "शेवटची टूर्नामेंट झाल्यावर जाल का?" यूएसए सॉफ्टबॉलकडे नोंदणी, पार्श्वभूमी तपासणी, सेफस्पोर्टचं (खेळातल्या मुलांच्या सुरक्षिततेचं) प्रशिक्षण, सगळं झालेलं होतं. हा शेवटचा प्रश्न विचारताना आईला संकोच वाटत होता. तो अजिबात बाळगू नये. २०१८ मध्ये लागू झालेल्या कायद्यानंतर खेळातल्या मुलांच्या सुरक्षिततेचे नियम इथे कडक झाले आहेत, आणि चांगल्या कोचला या प्रश्नाचा राग येत नाही. खासगी धडा असेल तेव्हा मोठा माणूस आणि मूल बंद दाराआड एकटे नसावेत, हे तिने न विचारताच सांगितलं.

राहिली मुलगी. तिला मैत्रिणीच्या टीममध्ये जायचं होतं, आणि तिने ते रडून सांगितलं. आईबाबांनी तिला गप्प केलं नाही, हे मला फार आवडलं. बाबांनी विचारलं, "तिथे पिचिंग मिळालं नाही तर चालेल?" ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "नाही चालणार. पण ती माझ्याशी बोलणं सोडेल." त्यावर उपाय टीमबाहेरचा होता: मैत्रिणीला दर शुक्रवारी रात्री घरी राहायला बोलवायचं, आणि वसंतात गावच्या लीगमध्ये दोघींनी मिळून खेळायचं, जमतील तेवढे सामने. मैत्रिणीच्या आईशीही बोलून घेतलं. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या टीमला होकार गेला.

वर्ष सरळ गेलं नाही. ४० फुटांवरून तिचा चेंडू ऑक्टोबरपर्यंत कुठेही जात होता, आणि फॉलमध्ये एका सामन्यात तिने एवढे वॉक दिले की तिलाच पिचिंग सोडावंसं वाटलं. कोचने तिला त्या इनिंगपुरतं ठेवलं, मग सेकंड बेसवर पाठवलं, आणि पुढच्या सामन्यात पुन्हा पिचिंग दिलं. जानेवारीत दोन मुली मोठ्या क्लबमध्ये निघून गेल्या. नऊ मुलींवर टीम आली, आणि एप्रिलमध्ये गेस्ट खेळाडू उसने घेऊन टूर्नामेंट खेळाव्या लागल्या. मेमध्ये दुसऱ्या पिचरचा घोटा मुरगळला. त्या रविवारी बाद फेरीत आपल्या मुलीचे दिवसाचे दोन सामने झालेले होते. कोचने शब्द पाळला. तिसऱ्या सामन्यात शॉर्टस्टॉपने पिचिंग केलं आणि टीम हरली. दोन-तीन पालक नाराज झाले, एकाने ते मोठ्याने बोलूनही दाखवलं. मुलगीही चिडली, तिला टाकायचं होतं. आई कूलरमधून दहीभाताचा डबा काढत शांतपणे म्हणाली, "हात तुझा आहे, टीमचा नाही." कोचने त्या पालकांना एक अक्षरही उत्तर दिलं नाही.

जुलैअखेरपर्यंत तिचा चेंज-अप (फसवा संथ चेंडू) बसला. तेव्हाही ती टीममधली पहिल्या क्रमांकाची पिचर नव्हती. ऑगस्टमध्ये कुटुंब अडीच आठवडे पुण्याला गेलं. कोचने जुन्या खेळाडूंना जायच्या आधीच पुढच्या वर्षाचं विचारून घेतलं होतं, त्यामुळे ट्रायआउट चुकण्याचा प्रश्न आला नाही. मराठी शाळेचे बरेच रविवार बुडाले, आणि ते भरून निघाले असं मी म्हणणार नाही. आजी फोनवरून रोज अर्धा तास वाचून घेते, तेवढं सुरू आहे. धाकटा मात्र मैदानांवर कंटाळतो. त्याच्यासाठी आईबाबांनी वीकेंड वाटून घेतले आहेत: एक जण मुलीसोबत, एक जण त्याच्यासोबत.

माझ्याकडे आता आणखी एक मराठी कुटुंब येऊन गेलं. त्यांची मुलगी नऊ वर्षांची आहे. त्यांना मी ट्रॅव्हल टीमच नको म्हणून सांगितलं. गावच्या लीगमध्ये अजून दोन वर्षं खेळू दे, हिवाळ्यात पोहू दे, बास्केटबॉल खेळू दे. पंधरा वर्षांची, चांगली खेळणारी, स्वतःहून कॉलेजचं बोलणारी मुलगी असती, तर मी कदाचित मोठ्या क्लबलाच जा म्हटलं असतं, कारण तेव्हा कोणाविरुद्ध खेळतो आणि कोण बघायला येतो याला किंमत येते.

या मुलीचं बारा वर्षांखालच्या गटातलं दुसरं वर्ष चालू आहे. पुढे चौदाच्या गटात अंतर ४३ फूट होईल, आणि तिच्या क्लबच्या त्या टीमचा कोच वेगळा आहे. मोठ्या क्लबकडून पुन्हा निरोप आला आहे. या वेळी बाबांनीच दोन्ही टीमची जुलैची वेळापत्रकं मागवून घेतली आहेत.